गुरुजीची डबी पास झाली

आमच्या घरी एक मारुती ८०० आहे, १९९८ चं मॉडेल, पांढरी. म्हणजे पांढरी होती, आता जिथं जिथं पत्रा शिल्लक आहे तिथं तिथं पांढरी आहे. गावात तिला मारुती कोणी म्हणत नाही, 'गुरुजीची डबी' म्हणते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, २००९ ला रिटायर झाले, डबी २००३ ला सेकंडहँड आली. मी सासरी गेली, दादा पुण्याला गेला, डबी मात्र अजून घरीच आहे, त्यामुळे आईचं म्हणणं आहे की आमच्या दोघांपेक्षा तीच खरं लेकरू.

२०२३ च्या फेब्रुवारीत बाबांचा फोन आला. बाबा फोनवर कामाचं बोलतात अन् ठेवून देतात, 'कशी आहेस, काय जेवली' हे आईचं खातं. म्हणाले, "बाई, डबीचं आरसी मार्चात सरून राहिलं, पासिंग करा लागते." ठेवला फोन. दादा पुण्याला अन् मी दारव्ह्याला, गावापासून पंधरा किलोमीटरवर, म्हणजे हे काम कोणाचं ते सांगायची गरजच नव्हती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, प्रायव्हेट गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते अन् त्याच्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओला नेऊन दाखवावी लागते, त्यांनी पास केली की पुढची ५ वर्षं. आमची २०१३ ला एकदा झाली, २०१८ ला एकदा झाली, दोन्ही वेळा बाबांनी एजंटला कागद दिले अन् स्वतः गाडी नेऊन आणली, आम्हाला पत्ताही नाही. २०२३ ला बाबा बहात्तर वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गावातल्या गावात चालवतात पण यवतमाळच्या ट्रॅफिकमध्ये त्यांना पाठवायची कोणाचीच हिंमत नव्हती.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर घरची मीटिंग झाली. दादा म्हणे, "बाबा, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकारनं बंद केल्या ना, भंगारात देऊन टाका." हे आमच्या गावात पण सगळे म्हणत होते, पानठेल्यावर तर पक्कंच झालं होतं. मी जरा शोधून पाहिलं तर तसं काही नाही, पेट्रोल १५ वर्षं अन् डिझेल १० वर्षं हा दिल्लीकडचा नियम होता. स्क्रॅपिंगची पॉलिसी २०२१ च्या ऑगस्टात आली पण ती ज्याला द्यायची त्यानं द्यावी अशी आहे, अन् १ एप्रिल २०२३ पासून मोडीत निघणार होत्या त्या पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या. आपली गाडी फिट असली तर आपल्या महाराष्ट्रात चालते. फक्त खर्च वाढला. आधी नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, ती २०२२ च्या एप्रिलपासून ५००० झाली. वर पर्यावरण कर पेट्रोल कारला तेव्हा ३००० रुपये, तो पाच वर्षांचा. थर्ड पार्टी इन्शुरन्स १००० सीसीच्या आतल्या गाडीला २०९४ अन् वर जीएसटी. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड वेगळा.

दादानं सगळं जोडलं अन् म्हणे, "दहा हजार तर कागदाचेच झाले, त्याच्यावर मिस्त्रीचे. अन् कबाडी किती देते?"

कबाडी आधीच येऊन गेला होता. अठरा हजार म्हणाला होता.

बाबा म्हणाले, "अठरा हजारात चांगला बोकड येत नाही बे."

आई मागून बोलली, "तुमचा जीव त्या डबीतच अडकून हाये, द्या पैसे अन् आणा पास करून, नाहीतर रोज रात्री तेच आयकावं लागन मले." मीटिंग संपली.

अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येते, म्हणजे आमच्याकडे वेळ होता. फॉर्म २५ म्हणतात त्याला. मी बाबांना घेऊन दारव्ह्याच्या सेतू केंद्रात गेली. तिथला पोरगा चांगला होता, परिवहनची साइट उघडली, नंबर टाकला, चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले अन् म्हणाला, "काका, ओटीपी आला असन पाहा." बाबांनी आपला बटणवाला फोन खिशातून काढला, चष्मा लावला, पाहिला. नाही आला. पुन्हा पाठवला. नाही आला. चौथ्यांदा पाठवल्यावर त्या पोराच्या लक्षात आलं की स्क्रीनवर नंबराचे शेवटचे जे चार आकडे दिसून राहिले ते बाबांच्या फोनचेच नाहीत. २०१८ च्या एजंटनं स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून ठेवला होता! पाच वर्षांत आम्हाला माहीतच नाही, आमच्या डबीचे सगळे निरोप त्या माणसाला जात असतील. हे लय लोकांचं झालेलं आहे म्हणे, तुमची जुनी गाडी एजंटकडून केली असन तर एकदा तपासून घ्या. मग इंजिन नंबर, पूर्ण चेसिस नंबर, नोंदणीची तारीख, सगळं टाकून आधी मोबाईल नंबर बदलला, त्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ओटीपी आला तेव्हा बाबांनी तो वर्गात हजेरी घेतात तसा एकेक आकडा सुटा करून मोठ्यानं वाचला, सेतूतल्या सगळ्या लोकांना पाठ झाला असेल. फी भरली, तारीख मिळाली, हातात तीन आठवडे.

आता खरं काम. गाडी तयार करायची.

आमचे मिस्त्री म्हणजे दिग्रस रोडवरचे चाचा. गॅरेज म्हणजे एक बाभळीचं झाड अन् टिनाचं शेड. चाचांनी बोनेट उघडलं, कान लावला, बंद करायला सांगितली. "बेटी, इंजिन तो शेर है. पत्रा सडला तुमचा." फ्लोअरला ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं भोक होतं की खालचा रोड दिसत होता, बाबांनी त्याच्यावर खताच्या बॅगची पन्नी अन् वर पायपुसणं टाकून दहा वर्षं काढली होती. चाचा विचारत गेले, टायमिंग बेल्ट कधी बदलला, क्लच प्लेट कधी, ब्रेकचं ऑइल कधी. दुसऱ्या कोणत्या घरी या प्रश्नांची उत्तरं मिळाली नसती. बाबांनी डॅशबोर्डमधून वही काढली.

ही वही सांगितल्याशिवाय आमची डबी समजणार नाही. लाल पुठ्ठ्याची, शाळेत दाखलखारीजला वापरतात तसली लांबट. डबी आली त्या दिवसापासून बाबा तिच्यात प्रत्येक खेप लिहितात. तारीख, किलोमीटर, कुठं, किती माणसं, पेट्रोल किती टाकलं अन् शेवटी लाल पेननं अ‍ॅव्हरेज. १७.२, १६.८, एकदा १८.१ आलं होतं तर त्याला गोल केला आहे. लहानपणी आम्हाला या वहीचा लय राग यायचा, कारण दादा दहावीला असताना चोरून गाडी काढून मित्रासोबत रोडवर गेला अन् आणून जशीच्या तशी लावली, तरी संध्याकाळी बाबांनी मीटर पाहून विचारलं, "नऊ किलोमीटर कोणाच्या बापाच्या घरी गेले?" अशा चार वह्या भरल्या, पाचवी चालू आहे, सगळ्या गाडीतच असतात. चाचांना दोन मिनिटांत सांगितलं, टायमिंग बेल्ट २०१६ चा, क्लच प्लेट २०१४ ची. चाचा म्हणे, गुर्जी, डॉक्टर लोकं पण एवढं लिहून ठेवत नाहीत.

चाचांचं काम चालू होतं अन् मी बाभळीखाली खाटेवर बसून वह्या चाळत बसली. 

पहिल्या वहीचं पहिलं पान, मे २००३. जीपीएफमधून उचल करून यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून घेतली, ३८ हजार किलोमीटर चाललेली. पेट्रोल तेव्हा चाळिशीच्या आसपास. त्याच्या आधी आम्ही कुठं जायचं म्हणजे भाड्याची काळी-पिवळी जीप, नऊच्या सीटवर अठरा माणसं, ड्रायव्हर अर्धा बाहेर अन् मागं लटकलेले वेगळे, आई प्रत्येक वेळी उतरल्यावर आधी आमची डोकी मोजायची. डबी आल्यावर फरक एवढाच पडला की अठराच्या जागी आम्ही नऊ बसायला लागलो. वहीत स्पष्ट आहे, 'शेगाव. ९ माणसं. (४ लहान)'. समोर बाबा अन् मोठे बाबा, मोठ्या बाबांच्या मांडीवर दादा, मागं आई, मोठीआई अन् आजी, अन् आम्ही बाकीची तिघं पोट्टी मागच्या काचेखाली जिथं सामान ठेवतात तिथं मुटकुळं करून. त्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, टाकी २८ लिटरची. नऊ माणसं, वर कॅरियरला ताडपत्रीत बांधलेलं सामान, आतमध्ये आजीचा पितळी डबा. कारंजा, मूर्तिजापूर, अकोला करत शेगाव. मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, एसी नाही, काचांना ओले दुपट्टे लावलेले, प्रत्येकाच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, त्यामुळे गाडीत जो वास असायचा तो मी आजही कांदा चिरताना मधूनच ओळखते.

अकोल्याच्या अलीकडं गाडी गरम झाली, सुई लालमध्ये. बाबांनी निंबाच्या झाडाखाली घेतली अन् सगळे उतरलो. रेडिएटर थंड व्हायला पाऊण तास. आजीनं तेवढ्यात डबा उघडला, भाकरी, तिळाची चटणी, वांग्याचं भरीत, फल्लीदाणे. एक शेतकरी बैलबंडी घेऊन चालला होता, त्यानं पाण्याची कॅन दिली, अर्धी रेडिएटरला अन् अर्धी आम्हाला. महाराजांचं दर्शन झालं का, महाप्रसाद कसा होता, काही आठवत नाही मला, निंबाखालचं जेवण आठवते. मोठीआईला विचारलं तर तिलाही तेच.

दारव्ह्याजवळ शकुंतलेचं फाटक लागायचं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, यवतमाळ ते मूर्तिजापूर छोट्या रुळाची गाडी, १९९४ पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. ती एवढी हळू चालायची की डबी शेजारच्या रोडवरून सहज तिच्या पुढं जायची अन् आम्ही मागच्या काचेतून तिला जीभ दाखवायचो. यात काही मोठेपणा नव्हता, तिला सायकलवाला पण हरवत असे. आता ती बंद पडली, रूळ गवतात गेले, डबी चालू आहे. हे बाबा दर वेळी तिथून जाताना म्हणतात.

एक नोंद मी आधी कधी पाहिली नव्हती. ऑगस्ट २००५. 'रात्री २.१५. दवाखाना. ३ गेले, ४ आले.' मी बाबांना विचारलं हे काय. तेव्हा त्यांनी सांगितलं, गावाच्या टोकाच्या एका सालदाराच्या बायकोला रात्री कळा सुटल्या, मुसळधार पाऊस, बंडीनं पोचली नसती. बाबा चालवायला, ती बाई अन् तिची सासू मागं. नाल्याला पाणी होतं म्हणून अर्धा तास थांबले, अन् दवाखाना दोन किलोमीटरवर असताना मागच्या सीटवरच झालं. बाबा म्हणाले, "मी मागं पाह्यलंच नाही. आरसा पण वर केला. म्हातारी सांगे तसं गाडी थांबवली अन् सांगे तसं चालवली." सकाळी आईनं सीट धुतली अन् बाबा दहा वाजता शाळेत. तो पोरगा २०२३ मध्ये अठराचा होणार होता, ट्रॅक्टर चालवते, मला माहीत होता, पण तो आमच्या सीटवर जन्मला हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणे, "त्यात सांगायसारखं काय हाये?" ॲव्हरेजच्या रकान्यात त्या दिवशी काही लिहिलेलं नाही.

अन् मग मीटर उलटलं तो दिवस. या गाडीचं मीटर पाच आकडीच, ९९,९९९ झालं की परत शून्य. २०११ च्या दिवाळीत आम्ही सगळे घरी होतो अन् मीटरला फक्त चार किलोमीटर बाकी होते. बाबांनी तीन दिवस गाडी हलवलीच नाही, सगळे जमले पाहिजे म्हणून. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं करून सगळे बसलो, जावई समोर, अन् गावाला फेऱ्या सुरू. ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, मारुतीचा पार, परत ग्रामपंचायत. लोकांना वाटलं गाडीला काहीतरी झालं. बाबांच्या मनात होतं की शून्य बरोबर मारुतीच्या पारासमोर यावं, पण हिशेब चुकला अन् पाचही आकडे एकदम फिरले ते पीठगिरणीसमोर. बाबा ब्रेक लावून थांबले, सगळे त्या पाच शून्यांकडं पाहत बसलो, गिरणीवाला भाऊ पांढराफटक बाहेर आला अन् म्हणाला, "गुर्जी, दळण हाये काय?"

माझं ड्रायव्हिंग पण हिच्यावरच झालं, २००७ ला. सोयाबीन निघालेलं रिकामं वावर, बाजूला तुरी उभ्या. बाबा शेजारी बसून चोकचं बटण कधी ओढायचं, किती ओढायचं, इंजिन गरम झालं की कधी आत ढकलायचं हे शिकवत. आताच्या पोरांना चोक माहीतच नाही, दादाची पुण्याची गाडी तर ऑटोमॅटिक आहे, तो घरी आला की डबी चालू करायला मलाच बोलावते. तिसऱ्या दिवशी मी ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर दाबून सरळ तुरीत घातली, दोन तास झाडली तरी पाचोळा निघून राहिला. बाबांनी त्या दिवशी फक्त एवढं विचारलं, किती झाडं मोडली? मी म्हटलं चाळीसेक. त्यांनी लिहिलं, 'वावर. १ किमी. तुरी ४०.'

पावसाळ्यात तिला आमच्या काळ्या मातीत न्यायचं नाही हा नियम होता अन् तो दरवर्षी मोडायचा. एकदा अशी फसली की दरवाजा उघडेना. शेवटी आमची बैलजोडी लावली, दोर बंपरला न बांधता खाली हुकाला बांधायचा हे शिकलो कारण आदल्या वर्षी बंपर हातात आला होता. बैलांनी एका हिसक्यात काढली. त्या पोळ्याला बाबांनी बैलांना पुरणपोळी देताना डबीकडं बोट दाखवून सांगितलं, "हे तुमच्याहून बारकी हाये, सांभाळून घ्या." दसऱ्याला हिची पूजा होतेच, पण पोळ्याला पण हार घालायची पद्धत तेव्हापासून पडली.

तर पाच दिवस गाडी चाचांकडं राहिली. फ्लोअरला पत्रा वेल्ड केला, बारा इंची टायर आजकाल लवकर मिळत नाही, ते यवतमाळहून मागवले, बॅटरी नवी, ब्रेक, हेडलाइटची एक काच, वायपरचं रबर. विदर्भात वायपर वर्षातले आठ महिने नुसता उन्हात भाजतो, हात लावला तर रबराचा भुगा पडला. सगळ्यात जास्त वेळ गेला चेसिस नंबरला. बोनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो, आरटीओत त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात. आमच्या गाडीला २०१२ मध्ये रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं त्या आकड्यांवरून पण जाडजूड हात मारला होता, अर्धे आकडे बुजलेले. चाचांनी पेट्रोलमध्ये फडकं बुडवून, टूथब्रश घेऊन दीड तास एकेक आकडा उकलला, खरवडायचा नाही म्हणे, खरवडला अन् आकडा बिघडला तर चोरीची गाडी समजतील. चाचांचे झाले साडेतेरा हजार. दादाला मी नऊ सांगितले.

पासिंगच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गावात पोचली तर बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओट्यावर तयार. मी म्हटलं बाबा तुमची गरज नाही, गाडीच दाखवायची आहे. म्हणाले, "मालक नको काय सोबत?" आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, डब्यात पोळी-भाजी दिली अन् मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाही झाली पास तर त्यायले तिथं काही बोलू नको." म्हणजे डबीचा सगळ्यात जास्त वैताग जिला होता तिच्याच पोटात गोळा आला होता.

चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला चालू झाली. फेब्रुवारीतल्या थंडीत चोक जरा जास्त वेळ ठेवावा लागते. साठ-पासष्ट किलोमीटर मी चालवत गेली अन् बाबा माझ्या बाजूनं न दिसणाऱ्या ब्रेकवर पाय दाबत.

ग्राउंडवर लाइन होती, स्कूल व्हॅन, काळी-पिवळी, तीन ट्रॅक्टर, एक ॲम्बेसेडर पण. ॲम्बेसेडरवाले काका बाबांच्याच वयाचे. दोघं पाच मिनिटांत असे बोलायला लागले जसे लग्नात दोन व्याही. कोणती कधीची, किती ॲव्हरेज, पार्ट कुठून आणता. बाबांनी वही दाखवली. त्या काकांनी ती पूर्ण वाचली, पान उलटत उलटत, मधूनच हसत, अन् मला वाईट वाटलं की घरच्यांपैकी असं कोणी बसून वाचली नव्हती, मी सुद्धा गेल्याच आठवड्यात.

आमचा नंबर आला. इन्स्पेक्टर साहेब म्हणजे मॅडम होत्या, माझ्यापेक्षा लहान. कागद पाहिले, पीयूसी, इन्शुरन्स, चेसिसचा ठसा मिळवला, इंजिन नंबर मिळवला. हेडलाइट, डिपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट, वायपर, सीटबेल्ट, टायर, सगळं बरोबर. मग स्वतः आत हात घालून हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. शांत.

माझं डोकं सुन्न. अन् बाबा खिडकीतून एकदम सहज, "मॅडम, स्टेरिंग थोडं डावीकडं घ्या अन् मंग दाबा." त्यांनी घेतलं, दाबलं, पीं वाजला. अन् तेव्हा मला आठवलं की आमच्या घरात सगळ्यांनाच हे माहीत आहे! पंधरा वर्षं झाली, आमच्या डबीचा हॉर्न वळणावरच वाजते, सरळ रोडवर नाही. सरळ रोडवर बाबा काच खाली करून "ओ भौ" म्हणतात. आम्हाला त्याची एवढी सवय की चाचांना सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, अन् चाचांनी चालवून पाहिली ती पण शेडसमोरच्या वळणावर.

मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्या पण नाहीत. म्हणाल्या, "काका, समोरचा माणूस फक्त डावीकडंच येईल असं नाही ना. जेवणाच्या सुट्टीनंतर दुरुस्त करून आणा, आजच्या आज पाहून घेते." बरोबरच होतं त्यांचं. गेटबाहेर इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं, पोरानं स्टेअरिंगचं बटण उघडलं, आतली पट्टी झिजलेली, दीडशे रुपयांत वीस मिनिटांत काम. पंधरा वर्षांचं दुखणं! अडीच वाजता परत लाइनमध्ये, मॅडमनी सरळ स्टेअरिंगवर दाबला, वाजला, उजवीकडं घेऊन दाबला, वाजला, सही केली. ॲम्बेसेडरवाले काका लांबून हात वर करून ओरडले, त्यांची सकाळीच झाली होती, आमचं काय होते ते पाहायला थांबले होते.

डबा आम्ही जांब रोडच्या बाजूला एका झाडाखाली खाल्ला. येताना बाबा म्हणाले मी चालवतो. मी दिली. दारव्हा यायच्या आधी जिथं रोड रिकामा असतो तिथं त्यांनी काही कारण नसताना, समोर माणूस नाही, ढोर नाही, सरळ रोडवर हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. मी काही बोलली नाही.

नवीन आरसी नंतर पोस्टानं आलं, मार्च २०२८ पर्यंत. मध्यंतरी २०२५ मध्ये नियम परत बदलले, वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी आता दहा हजार झाली. दादानं लगेच ग्रुपवर टाकलं, अन् बाबांनी अंगठा दाखवला, तो होकाराचा की दुसरा ते अजून कळलं नाही. त्याच वर्षी नवीन सुरक्षेची नंबर प्लेट लावायची सक्ती आली, २०१९ च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना, कारचे जीएसटी धरून ८७९ रुपये काही पैसे. ती पण मीच लावून आणली. जुन्या दोन पाट्या बाबांनी मागून घेतल्या, रंगाऱ्याकडून हातानं लिहिलेल्या होत्या, एमएच २९ चं शेपूट जरा वाकडं. एक त्यांनी गोठ्यात खिळ्याला लावली. दुसरी आईनं कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवली अन् उलटी बसवली, यावरून घरात दोन दिवस वाद झाला, बाबा म्हणे नंबर सरळ दिसला पाहिजे, आई म्हणे कोंबड्यायले कोणता आरटीओ पाहायले येते.